स्क्रूचं भोक गोल का नको

इनोव्हेशन म्हणजे मशीन, असंच मी धरून चाललो होतो. कुडाळजवळ आमचं फर्निचरचं वर्कशॉप आहे, बाबांनी चालू केलेलं, फणस, साग, ऐन, किंजळ जे चांगलं मिळेल त्यात काम, आणि मी इंजिनिअरिंग करून आल्या आल्या कर्ज काढून सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कोरायचं मशीन, घेतला. नक्षी मस्त निघते त्यावर, गिऱ्हाइकाला दाखवायलाही बरं पडतं. पण नफा होता तिथेच, वर हप्ता वाढला.

कारण पैसा गळत होता भलतीकडूनच. पावसात बनवलेली डायनिंग टेबलं पुण्याला गेली की एप्रिल-मेमध्ये फोन यायचे, टॉपला तडा गेला म्हणून. एका सीझनला १६ पैकी ५. टेम्पोचं जाऊन-येऊन भाडं, नवीन फळ्या, शिवाय बोलणी खायची ती वेगळी. लाकडाचं असं असतं की ओलावा साधारण २८-३० टक्क्यांच्या खाली उतरला की ते आकसायला लागतं, लांबीत जवळजवळ नाहीच पण रुंदीत चांगलंच. श्रावणात आमच्या शेडमध्ये मीटर १६-१७ दाखवतं, तेच लाकूड पुण्याच्या उन्हाळ्यात ९-१० वर येतं, म्हणजे तीन फुटी टॉप सेंटीमीटरच्या आसपास आत येणार, आणि आम्ही तो खालून पट्टीला गोल भोकांतून स्क्रू मारून जखडलेला. मग फाटणार नाही तर काय करणार?

हे सगळं वाचून मी ऐटीत आबांना सांगायला गेलो. आबा म्हणजे आमचे सगळ्यात जुने मिस्त्री. रंधा न थांबवता म्हणाले, "लाकूड जिता असता रे, तेका हलूक जागा व्हयी. पट्टीची भोका लांबट मार." कधीपासून माहितीय तुम्हाला? तर म्हणे, "तुझ्या बापाशीक तेवाच सांगलंय."

मग केलं का नाही? त्याचं उत्तर आमच्याच हजेरीच्या वहीत होतं. फळी बिघडली की सुताराच्या पगारातून कापायची, बाबांचा जुना नियम. अशा ठिकाणी कोण शहाणा नवीन काही करून बघणार, सांगितलं तेवढं केलं आणि संध्याकाळी डबा उचलून घरी. मला वाटतं त्या एका नियमाने आमचं जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्या मंदीने केलं नसेल, पण हे बाबांसमोर बोलायची माझी अजून हिंमत नाही.

नियम काढायला बाबांशी दोन महिने वाद घातला. "फुकट गेली तर तू भर." भरतो म्हटलं. आता शनिवारी चहाला अर्धा तास कोणीही काहीही सुचवायचं, करून बघायचं, बिघडलं तर माल वर्कशॉपच्या खात्यावर. लांबट भोकं पाडायला आबांनीच भंगार प्लायची एक जिग केली, म्हणजे राउटर सरळ फिरवायचा साचा, सीएनसी नाही, हातातला राउटर फिरवायचा. गेल्या वर्षी २२ टेबलं गेली, तक्रार एक आली, तीही टेम्पोत पाय मोडल्याची.

सगळंच जमतं असं नाही. हेल्पर पोराने फळ्या सुकवायला प्लॅस्टिक पेपरचं ड्रायर करूया म्हटलं, मार्चमध्ये केलं, आत एवढं तापलं की फळ्या भराभर सुकून टोकांना चिरा पडल्या, बाराच्या बारा. पोरगा दोन दिवस माझ्या नजरेला नजर देईना. बाबांनी वही उघडली, माझ्याकडे बघितलं, आणि बंद केली. आता टोकांना ऑइलपेंट फासून परत लावलंय, बघू.