हाकाता रामेन: रस्सा राखून ठेवा

जपानमधल्या फुकुओकाला जायचं ठरलं ते रामेनसाठी (रस्स्यातल्या शेवया) नाही, शिनकान्सेनसाठी, म्हणजे तिकडच्या बुलेट ट्रेनसाठी. धाकटी बहीण ओसाकाला नोकरीला असते. बाबांना घेऊन पंधरा दिवस तिच्याकडे गेले होते. किल्ला झाला, नारा झालं, हरणांना बिस्किटं चारून झाली, आणि चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "त्या गाडीतनं जरा लांबवर जाऊया की." शिन-ओसाकाहून नोझोमी गाडी साधारण अडीच तासांत शेवटच्या स्टेशनला पोचते. तिकिटावर फुकुओका कुठेच दिसत नाही, हाकाता असतं, घाबरू नका. नदीच्या एका अंगाला व्यापाऱ्यांचं हाकाता, दुसऱ्या अंगाला किल्ल्याचं फुकुओका. १८८९ मध्ये दोन्हींचं मिळून एक शहर झालं तेव्हा शहराला एकाचं नाव मिळालं आणि स्टेशनला दुसऱ्याचं. विमानानं येणाऱ्यांना आणखी सोपं, विमानतळापासून हाकाता मेट्रोनं दोनच स्टेशनांवर. फक्त आंतरराष्ट्रीय टर्मिनलला उतरलात तर आधी फुकटच्या बसनं देशांतर्गत टर्मिनलला यायचं, मेट्रो तिथे आहे.

बाबा कोल्हापूरचे, जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक, वय ७१. तांबडा-पांढरा ओरपणारे, पण डुक्कर आयुष्यात खाल्लेलं नाही. हाकाताचं रामेन म्हणजे तोन्कोत्सु. 'तोन' म्हणजे डुक्कर, 'कोत्सु' म्हणजे हाडं. हे मी गाडीतच स्पष्ट सांगून टाकलं, कारण वाडगा पुढ्यात आल्यावर सांगणं म्हणजे फसवणूक. ते दोन बोगदे गप्प बसले. मग म्हणाले, "गोमांस नाही ना त्यात? मग बघू."

पहिलं दुकान आम्ही वासावरून शोधलं. स्टेशनमागच्या गल्लीत शिरलो आणि पाया शिजताना कुकरची शिटी व्हायच्या आधी येतो तसा वास आला, फक्त दसपट. पहिल्यांदा जाणाऱ्यानं हे धरूनच चालावं. काहींना तो दारातच परतवतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. आत बारा-तेरा खुर्च्यांचा लांब कट्टा, पलीकडे दोन माणसं, आणि दाराशी उभं तिकिटाचं यंत्र.

इथे आमची पहिली फजिती झाली. यंत्रात आधी पैसे घालायचे, मग बटण दाबायचं, मग चिठ्ठी बाहेर येते. माझ्याकडे १०,००० येनची नोट. यंत्राला फक्त १,००० च्या चालत होत्या. बाबांनी ऐटीत आपली करकरीत हजाराची काढली, तीही यंत्रानं तीनदा बाहेर सारली. ३ जुलै २०२४ ला जपाननं नवीन नोटा काढल्या, आणि लहान दुकानांतली काही जुनी यंत्रं त्या ओळखत नाहीत. मागे रांग वाढतेय, मी घामाघूम, आणि बाबा परत आलेल्या नोटेवरचा चेहरा निरखत उभे. "हा कितासातो की गं! प्लेगचा जंतू." कितासातो शिबासाबुरो खरंच तोच. १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिन नावाच्या डॉक्टरनं आणि त्यानं वेगवेगळं काम करत तो जंतू पाहिला, आणि दोन वर्षांनी तोच प्लेग मुंबईत आणि मग पुण्यात पोचला. हे सगळं मला रामेनच्या रांगेत ऐकावं लागलं. शेवटी मागच्या गृहस्थानं आपल्या पाकिटातली जुनी हजाराची नोट देऊन बाबांची नवी घेतली आणि वर आपणच वाकून नमस्कार केला.

तेव्हा सकाळी कोंबिनीत, म्हणजे चौकाचौकातल्या त्या छोट्या सुपरमार्केटांत, पाण्याची बाटली घेऊन मोठी नोट मोडा आणि १०० येनची सात-आठ नाणी खिशात ठेवा. शंभराच्या नाण्यांना यंत्र सहसा नाही म्हणत नाही. बटणांवर फक्त जपानी अक्षरं असली तरी घाबरायचं कारण नाही: वरच्या ओळीतलं अगदी डावीकडचं बटण बहुतेक ठिकाणी दुकानाचा मुख्य वाडगा असतं. आम्हाला तो ७५० येनला पडला. १०० येन म्हणजे ६० रुपयांच्या आतबाहेर धरा.

चिठ्ठी कट्ट्यावर ठेवली की एकच प्रश्न येतो: शेवया किती कडक? रामेन कसं हवं असं हाकातात कोणी विचारत नाही, रामेन एकच असतं. विचारतात ते कडकपणाचं. 'यावा' म्हणजे मऊ, 'फुत्सू' म्हणजे नेहमीसारख्या, 'काता' म्हणजे कडक, 'बारिकाता' म्हणजे फारच कडक. त्याच्याही पुढे 'हारिगाने', म्हणजे तार, आणि 'कोनाओतोशी', म्हणजे पीठ झटकण्यापुरतं पाण्यात बुडवून काढलेलं. शेवटचे दोन तिथल्या कॉलेजच्या पोरांचे शौक. माझ्या मते त्यात कच्च्या पिठाची चव सोडून काही नाही. बारिकाता घ्या. 'बारि' हा तिकडच्या बोलीतला 'लई'. बाबांनी तो शब्द 'बारीक काटा' म्हणून पाठ केला आणि तोही चुकीचा म्हणवेना, कारण शेवया खरंच बारीक असतात, आपल्या शेवयांहून थोड्याच जाड, सरळ, पिठात पाणी कमी घालून केलेल्या.

या बारीकपणातच सगळं गुपित आहे. पाणी कमी असलेली शेवई मिनिटाच्या आत शिजते, आणि तितक्याच घाईनं रस्सा पिऊन फुगते. कट्ट्यापलीकडचा माणूस खोल दांड्याच्या गाळणीत मूठभर शेवया सोडतो, घड्याळाकडे न बघता उचलतो, आणि मनगटाला असा झटका देतो की पाणी सपकन खाली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पाण्याचा थेंब रस्स्यात गेला तर तो पातळ होणार. मग शेवया वाडग्यात, चॉपस्टिक्सनी एकदा वर उचलून घडी घातल्यासारख्या आडव्या, वर चाशूचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे दोन काप, कांद्याची पात, किकुरागे बुरशीच्या काळ्या चिरफळ्या. चिठ्ठी ठेवल्यापासून दोन मिनिटं झाली नव्हती.

आणि बाबांनी फोन काढला. आधी वाडग्याचा फोटो, मग वाडग्यासह माझा, मग बहिणीला व्हिडिओ कॉल. मग चमच्यानं रस्सा, सावकाश, डोळे मिटून. "नारळाचं दूध घातलंय का गं?" नाही. हाडं तासन्‌तास खळखळ उकळली की त्यातली चरबी आणि मगज पाण्यात एकजीव होऊन असा पांढरा रंग येतो. नारळ नाही, खसखस नाही. त्यांनी आणखी एक चमचा घेतला आणि म्हणाले, "मग ही आळणीच झाली की! मसाल्याला न लावलेली." कोल्हापूरकराकडून याहून मोठी दाद मिळत नाही. वास तोंडात गेल्यावर वासच राहत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. पण तोवर सात-आठ मिनिटं गेली होती. शेवयांचा लगदा होत आला होता, आणि डावीकडे मागाहून बसलेला माणूस जेवून निघूनही गेला होता.

दुसरी फजिती त्याहून मोठी. भूक उरली होती, कारण हाकाताचा वाडगा मुळात लहान. शेवया फुगतात म्हणून एकदम जास्त घालतच नाहीत, आणि म्हणूनच इथे 'कायेदामा' असतो: शेवयांचा दुसरा गोळा, १००-१५० येनला. नागाहामाच्या मासळी बाजारातल्या घाईच्या गिऱ्हाइकांसाठी ही पद्धत पडली असं सांगतात. लिलाव सुटला की माणसं येणार, उभ्याउभ्या खाणार, पळणार. तेव्हा थोड्या शेवया झटकन द्यायच्या, कुणाला हव्या तर पुन्हा. बाबांनी शेजाऱ्याचं ऐकून "काय, दामा!" अशी हाक दिली, कोणा ओळखीच्या दामाला द्यावी तशी. माणूस गोळा घेऊन आला, वाडग्यात डोकावला आणि थांबला. रस्सा संपला होता. बाबांनी तळ चाटूनपुसून प्यायला होता.

मिसळीच्या दुकानात आपल्याला रस्सा मागायची सवय. फरसाण तेवढंच, पण कट पुन्हा, पुन्हा, आणि पुन्हा. इथे नेमकं उलटं आहे. शेवया कितीदाही मागा, रस्सा एकदाच येतो. त्यानं बिचाऱ्यानं न बोलता अर्धी पळी रस्सा घातला, पण तो उपकार होता, हक्क नाही. तेव्हा रस्सा आधी दोन-तीन चमचे चाखा, मग शेवयांच्या मागे लागा, आणि वाडग्यात घासभर शेवया उरलेल्या असतानाच नाणं कट्ट्यावर ठेवून कायेदामा सांगा, म्हणजे तुमचं संपायला आणि त्याचं यायला गाठ पडते. दुसऱ्या गोळ्यानं रस्सा फिका लागतो, कारण त्याचा खारटपणा वाडग्याच्या तळाशी आधी घातलेल्या 'तारे' नावाच्या खारट सॉसमधून येतो, हाडांतून नाही. त्यासाठी कट्ट्यावर तारेची छोटी किटली असते. दोन थेंब घाला, धार नको. तीळ, लाल आल्याचं लोणचं, सोललेला लसूण आणि तो चिरडायचा चिमटा असंही ठेवलेलं असतं. ताकाना नावाची मोहरीच्या पानांची तिखट भाजी दिसली तर मराठी जीव तिच्यावर आधी तुटून पडतो. पण काही दुकानांत रस्सा न चाखता ती घातलेली मालकाला मुळीच आवडत नाही. पहिल्या वाडग्यात नको, दुसऱ्या गोळ्यावर हवी तेवढी घ्या. मी तसंच केलं आणि मला तो दुसरा वाडगाच जास्त आवडला.

भुरके मारा. आवाजाला कोणी बघत नाही. उलट हवा ओढली नाही तर जीभ भाजते. टिप ठेवू नका, परत आणून देतील. पाणी स्वतःच ओतून घ्यायचं. एका वाडग्यात दोघांनी खायचं नाही, माणशी एक वाडगा घ्यावाच लागतो. उठताना वाडगा कट्ट्याच्या वरच्या फळीवर ठेवून समोरची जागा फडक्यानं पुसली तर आतला माणूस खूश होतो. गप्पा बाहेर येऊन. रस्सा सगळा प्यायलाच हवा असं मात्र नाही; मीठ बरंच असतं, बाबांना बीपीची गोळी असल्यामुळे दुसऱ्या दिवसापासून मी अर्धा वाडगा रस्सा ठेवायला लावला.

संध्याकाळी याताईला गेलो. या चाकांवरच्या टपऱ्या, शहरात शंभराच्या आसपास, नाकासुच्या नदीकाठी, तेन्जिनमध्ये आणि नागाहामाला. दिवसा तिथे मोकळा फूटपाथ असतो, अंधार पडायला लागला की टपऱ्या उभ्या राहतात. आठ-दहा माणसांची बाकडी, खांद्याला खांदा. वातावरण छान, पण रामेनसाठी मी परत जाणार नाही: नाकासुला आमचा वाडगा दुकानापेक्षा महाग आणि पाणचट निघाला. जाल तर ओदेन (रस्स्यात शिजवलेले मुळा, अंडी वगैरे) किंवा याकितोरी (काडीवर भाजलेलं चिकन) यासाठी जा, भावाची पाटी बघून बसा, टॉयलेट आधी उरकून घ्या, आणि पाऊस असेल तर बेतच सोडा.

शाकाहाऱ्यांना सरळ सांगते: तोन्कोत्सुच्या दुकानात तुमच्यासाठी पाणी सोडून काही नाही. 'चाशू नुकी' म्हटलं तर मांसाचे काप काढून देतील, रस्सा हाडांचाच राहील. भाज्यांचं रामेन म्हणून फोटो दिसेल, त्याखालीही तेच. चिकन खाणाऱ्यांनी 'तोरी पाइतान' शोधावं. तेही असंच पांढरं, पण कोंबडीचं. बहीण कट्टर शाकाहारी आहे, म्हणून तर ती आमच्याबरोबर आली नाही. तिचं रामेन तोक्योला आहे, तोक्यो स्टेशनात केइयो स्ट्रीटमधलं टीज तानतान. पूर्ण वनस्पतीजन्य, तिळाच्या रस्स्याचं. ते तिकीट-गेटच्या आत आहे, म्हणून गाडी पकडायच्या किंवा उतरायच्या दिवशीच जमवावं.

ज्यांना पहिल्याच फटक्यात कट्टा, चिठ्ठी आणि अनोळखी भाषा नको वाटते त्यांनी इचिरान किंवा इप्पुदो या रामेनच्या साखळ्यांत जावं. दोन्ही फुकुओकाच्याच, इप्पुदोचं पहिलं दुकान १९८५ साली तिथल्या दाइम्यो भागात निघालं. इचिरानमध्ये दोन्ही बाजूंना फळ्या लावलेली एकेकट्याची जागा असते, आणि कडकपणा, लसूण, तिखट सगळं इंग्रजी छापील कागदावर गोल करून द्यायचं. बाबांना तिथे करमलं नाही. "परीक्षेला बसवल्यागत वाटतंय," म्हणाले.

शेवटच्या दिवशी गाडी दुपारी दोनची होती. बारा ते एक ऑफिसवाल्यांची रांग असते, म्हणून अकराला दुकान उघडायच्या आधीच पहिल्या दिवसाच्या त्याच दारात उभे राहिलो. बाबांनी नाणी मोजून हातात धरली होती. वरचं डावं बटण त्यांनीच दाबलं. फोन खिशातच राहिला. चार मिनिटांत शेवया संपत आल्या, रस्सा निम्म्याच्या वर शिल्लक, आणि त्यांनी नाणं ठेवून खणखणीत हाक दिली, "काय, दामा!" पलीकडून कडकपणाचा प्रश्न आला.

"बारीक काटा," बाबा म्हणाले.

तो माणूस "हाय!" (म्हणजे "हो") म्हणून गाळणीकडे वळला. मी घड्याळ लावलं होतं; गोळा वाडग्यात पडायला ३५ सेकंद लागले.