चार टेबलांतली ग्रंथसंख्या

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक अहवालासाठी एकूण ग्रंथसंख्या काढून देण्याचे काम मी मागच्या मार्चमध्ये अंगावर घेतले. शासनमान्य वाचनालयाची वर्गवारी आणि अनुदान ठरवताना ग्रंथसंख्या पाहिली जाते, त्यामुळे हा आकडा अंदाजाने लिहून चालत नाही. दाखल नोंदवहीतील, म्हणजे आलेले प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन लिहितात त्या वहीतील, नोंदी काही वर्षांपूर्वी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये उतरवल्या होत्या, मात्र मराठी, इंग्रजी, बाल आणि संदर्भ अशा चार विभागांची चार स्वतंत्र टेबले, म्हणजे तक्ते, केलेली होती; त्यांत एका नोंदीची एक ओळ.

सुरुवातीला मी क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, 'फ्रॉम'पुढे मराठी आणि इंग्रजी या दोन टेबलांची नावे स्वल्पविराम देऊन लिहिली आणि 'काउंट स्टार', म्हणजे एकूण ओळींची मोजणी, मागितली. उत्तर आले ६०,४२,८८८. मराठी विभागात ९,८७४ आणि इंग्रजीत ६१२ ओळी होत्या. डेटाबेसने मराठीतील प्रत्येक ओळीची इंग्रजीतील प्रत्येक ओळीशी जोडी लावली होती आणि मला मिळाला तो त्या दोन संख्यांचा गुणाकार होता. टेबले शेजारी ठेवणे म्हणजे जॉइन. मला तर ती एकाखाली एक हवी होती.

म्हणून प्रत्येक टेबलाचा काउंट वेगळा काढून मधे निकाल एकाखाली एक जोडणारे 'युनियन' लिहिले आणि बाहेरून 'सम', म्हणजे बेरीज, घेतली. ११,९४९ हा आकडा वाजवी वाटल्यामुळे मी तो कळवूनही टाकला. ग्रंथपाल बाईंनी आतले आकडे मागितले, तेव्हा आतली क्वेरी एकटी चालवून त्यांना पडद्यावर दाखवली. त्यांनी विचारले, "सर, विभाग चार आहेत, मग ओळी तीनच कशा?" इंग्रजी आणि संदर्भ या दोन्ही विभागांत योगायोगाने ६१२ ओळी होत्या, आणि नुसते 'युनियन' हे एकसारख्या ओळींतली एकच ठेवते. पूर्ण संदर्भ विभाग बेरजेतून गळला होता आणि डेटाबेसने चुकीची एक सूचनाही दिली नव्हती, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नव्हती. एकसारख्या ओळीही तशाच ठेवणारे 'युनियन ऑल' लिहिल्यावर ९,८७४, ६१२, १,४६३ आणि ६१२ अशा चारही ओळी आल्या आणि बेरीज १२,५६१ झाली. त्याच वेळी प्रत्येक आकड्याशेजारी विभागाचे नावही मजकूर म्हणून घातले. खरे तर एवढ्या एका रकान्याने नुसत्या 'युनियन'मध्येही ती ओळ वाचली असती, पण मुख्य लाभ असा की आता कोणीही आकडे नावानिशी पडताळू शकत होते.

तरीही १२,५६१ ही ओळींची संख्या होती, पुस्तकांची नव्हे. मराठी विभागातून संदर्भ विभागात हलवलेल्या काही ग्रंथांची जुनी नोंद तशीच राहिल्याचे बाईंना आठवत होते. आमच्याकडे सर्व विभागांची दाखल नोंदवही एकच असल्याने दाखल क्रमांक दोनदा येता कामा नये. म्हणून चारही टेबलांतले दाखल क्रमांक काढून त्यांच्यामध्ये आता मुद्दाम नुसते 'युनियन' लिहिले. आधी जो गुण नडला होता तोच इथे हवा होता. वेगवेगळे क्रमांक १२,५०१ भरले, म्हणजे ६० ओळींचा फरक पडला. या सगळ्या दुबार नोंदी आहेत असे मी धरून चाललो होतो, पण बाल विभागातील ३७ पुस्तकांना दाखल क्रमांकच दिलेला नव्हता. रकान्याचे नाव देऊन केलेला काउंट रिकाम्या, म्हणजे 'नल' जागा मोजत नाही, आणि 'युनियन' तर अशा सगळ्या रिकाम्या जागांची मिळून एकच ओळ करते. ती ३७ पुस्तके 'इज नल' अशी अट घालून वेगळी मोजली. उरलेल्या २३ मात्र खरोखरच दुबार नोंदी होत्या.

बाईंनी त्या २३ क्रमांकांची यादी छापून घेतली आणि कपाटाशी उभे राहून एकेक पुस्तक हातात घेऊन तपासले. सगळी संदर्भ विभागातच सापडली. बाल विभागाची ३७ पुस्तके टेबलावर मांडून त्यांना त्याच दिवशी दाखल क्रमांक दिले आणि अहवालात ग्रंथसंख्या १२,५३८ अशी लिहिली.