आमची वाटचाल : परसबागेतून धंदा

धंदा करायचा असं ठरवून काही सुरू केलं नव्हतं, घराभोवती जागा होती म्हणून घरापुरतं लावायचो, आणि दुधी-काकडीचा वेल एकदा धरला की घरातले खाऊन कंटाळतात पण वेल काय थांबत नाही, मग उरलेलं वाटायचं, वाटता वाटता लोक पैसे देऊन मागायला लागले. खरी गोची तिथंच झाली. एका आठवड्यात ढीगभर आणि पुढच्या आठवड्यात काहीच नाही, अशानं गिऱ्हाईक टिकत नाही.

म्हणून जास्त लावण्यापेक्षा टप्प्याटप्प्यानं लावायला लागलो. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, दर 15 दिवसांनी एकेक वाफा. धणे रगडून दोन फाकी करून पेरतो, तरी उगवायला 8-10 दिवस घेतातच, तिथं घाई चालत नाही. टोमॅटो-वांग्याची रोपं कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याचा भुसा) ट्रेमध्ये, महिन्याभरात लावणीला येतात, आणि टोमॅटो, वांगी, मिरची एकाच कुळातली, एकामागोमाग त्याच वाफ्यात लावली की मातीतला रोग पुढच्या पिकाला आयताच मिळतो, म्हणून मध्ये चवळी नाहीतर घेवडा.

ट्रेमध्ये मर धरून थोडी जास्तीची रोपं करायचोच, तीच लोक मागायला लागले. आज रोपांचा गल्ला भाजीपेक्षा मोठा आहे (आईला हे अजून पटत नाही, तिच्या लेखी टोपलीतली भाजी म्हणजेच धंदा).

रोपं विकायची तर बोलावं मात्र खूप लागतं. पपईचं रोप नर की मादी ते फूल आल्याशिवाय कळत नाही, उभयलिंगी जात असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून साध्या जातीची एका आळ्यात 2-3 लावा आणि फुलल्यावर जादा नर काढा, हे आधीच सांगतो म्हणजे नंतर भांडण नको. दुधी वाकडा होतोय, आतून सडतोय असं कुणी म्हणालं की बहुतेक फळमाशी. गंधसापळा लावा म्हणतो, पण त्यात फक्त नर अडकतात, फळात अंडी घालणारी मादी मोकळीच, म्हणून डंख मारलेली फळं वेचून खोल पुरलीच पाहिजेत, कंपोस्टच्या खड्ड्यात वरवर टाकली तर आपणच माश्या पाळल्यासारखं.

सध्या लिंबाच्या गुट्या बांधल्यात (झाडावरच्याच फांदीची साल काढून तिथं ओलं शेवाळ बांधायचं, म्हणजे मुळं फुटतात), मुळं फुटून पिशवीत यायला दीड-दोन महिने तरी जातील. ज्यांना हव्यात त्यांनी भाजीच्या यादीतच लिहून पाठवा, त्या हिशोबानं अजून बांधतो.