सिंकचं बटण असताना शिकायचं काय? – तुम्ही विचारलंत म्हणून

हा प्रश्न मला बडोद्याच्या दांडिया बाजारात भाजी घेताना विचारला गेलाय, हळदीकुंकवाला विचारला गेलाय आणि भाच्याच्या मित्रांनी तर घरी येऊन विचारलाय. शब्द थोडे मागेपुढे होतात, मुद्दा एकच: "ताई, आता लॅपटॉपवर सिंक दाबलं की दोन गाणी आपोआप जुळतात. मग डीजे शिकायचं म्हणजे शिकायचं तरी काय?" विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना स्वतःला शिकायचं असतं, किंवा घरात मुलगा-मुलगी हट्ट धरून बसलेली असते. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी सिंक काय करतं ते सांगते. सॉफ्टवेअर गाणं वाचतं, त्यातले ठोके शोधतं आणि गाण्याच्या चित्रावर सारख्या अंतरावर उभ्या रेघा मारतं. याला बीटग्रिड म्हणतात. सिंक दाबलं की दुसऱ्या गाण्याचा वेग पहिल्याइतका होतो आणि रेघेवर रेघ बसते. हे काम हातानं करणं सोपं नाही. एक गाणं मिनिटाला १२० ठोक्यांचं आणि दुसरं १२१ चं असेल, तर सुरुवातीला दोन्ही एकत्र चालल्यासारखी वाटतात. अर्ध्या मिनिटात ती अर्ध्या ठोक्यानं फाकतात आणि घोडे दौडावेत तसा टपटप आवाज येतो. मिनिटभरानं एक पूर्ण ठोका पुढे-मागे. सिंक हे सांभाळतं, आणि मी ते वापरते. त्यात कमीपणा नाही.

पण रेघा म्हणजे ताल नाही, हे मला नवरात्रीतल्या एका रात्रीनं शिकवलं.

बडोद्यात गरबा म्हटलं की गाणारे-वाजवणारे समोर हवेत, हा आग्रह आहे. मोठ्या मैदानांवर तसंच असतं. आमची सोसायटी लहान, वाद्यवृंद परवडत नाही, म्हणून दोन स्पीकर, एक लॅपटॉप आणि मी. तिसरी रात्र होती. संथ गरबा चालू होता, आतल्या रिंगणात वयस्कर बायका, बाहेरच्या रिंगणात मुली, तीन टाळीचा गरबा. आरतीचं ताट अजून तयार नव्हतं आणि गाणं संपत आलेलं. दोन कडव्यांमधला ढोल-शहनाईचा तुकडा लांबवावा म्हणून मी चार ठोक्यांचं लूप लावलं, म्हणजे तेवढाच तुकडा परतपरत वाजत राहतो. पडद्यावर सगळं चोख होतं. रेघा बरोबर ठोक्यांवर, लूपची हिरवी चौकट रेघेपासून रेघेपर्यंत, कुठे खट्ट आवाज नाही.

पहिल्या फेरीत कुणाला कळलं नाही. दुसऱ्या फेरीत तिसरी टाळी हवेत राहिली. बायका वाकल्या, टाळीसाठी हात आले, आणि ढोल भलतीकडेच होता. बाहेरच्या रिंगणातल्या मुली अडखळत पुढे सरकल्या. आतल्या रिंगणात पुढे असलेल्या एक आजी जागीच थांबल्या. त्यांनी स्पीकरकडे पाहिलं नाही, ढोलाकडे कान लावल्यासारखं क्षणभर डोकं कललं, आणि मग त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं. मी लूप सोडलं. सगळं मिळून पाच-सहा सेकंद झाली असतील.

त्या रात्री घरी आल्यावर हेडफोन लावून तोच तुकडा पुन्हापुन्हा ऐकला. मी शाळेत असताना पाच वर्षं तबला शिकलेय. नोकरी लागल्यावर सुटला, पण बोटांवर मात्रा मोजायची सवय सुटली नाही. अंगठा पेरांवर फिरवत मोजलं: एक-दोन-तीन, चार-पाच-सहा. हींच! गरब्याचा ताल, सहा मात्रांचा, तीन-तीनचे दोन विभाग. सहा मात्रांच्या एका फेरीत, म्हणजे आवर्तनात, दोन जड ठोके; मोजले तर मिनिटाला १००. पडद्यावर मात्र १५० लिहिलेलं. सॉफ्टवेअरनं त्या सहा मात्रा दोन-दोन-दोन अशा वाचल्या होत्या, म्हणून त्याच्या लेखी एका आवर्तनात तीन ठोके. मी चार ठोक्यांचं लूप मागितलं आणि त्यानं इमानदारीत चार दिले: एक अख्खं आवर्तन आणि दुसऱ्याचा तिसरा हिस्सा. प्रत्येक फेरीत सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सरकत गेली. आजींच्या पायांना जे दोन फेऱ्यांत कळलं, ते मला कळायला रात्रीचे दोन वाजले.

सॉफ्टवेअरला दोष देणार नाही. ही साधनं ज्या संगीतासाठी घडली त्यात चार-चारचा हिशेब असतो. लूप १, २, ४, ८, १६ ठोक्यांचं असतं, कारण तिकडची नाचाची गाणी त्याच मापात बेतलेली असतात, ३२ ठोक्यांनी वळण घेतात. हे लूपसुद्धा मुळात हातानं करायची गोष्ट होती. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्क यांनी हेरलं, की नाचणारे गाण्यातल्या नुसत्या ड्रमच्या तुकड्यावर जास्त खुलतात. तो तुकडा लांबवायला ते एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवायचे. एकीवर तुकडा संपला की दुसरीवर सुरू, तोवर पहिली मागे. पुढे ग्रँडमास्टर फ्लॅश यांनी तो तुकडा सुरू होण्याची जागा रेकॉर्डवर मेणखडूनं खूण करून पक्की केली. आज आपण ज्याला लूप आणि क्यू म्हणतो ते हेच. बटणामागे माणसाचा कान आणि हात आहे, हे कळलं की बटणाचा राग येत नाही आणि धाकही वाटत नाही.

मग दुरुस्ती काय? मी जे सॉफ्टवेअर वापरते ते मोफत आहे, 'मिक्स' नावाचं, शेवटी तीन वेळा एक्स लिहितात ते. २००१ मध्ये एका संशोधनासाठी त्याची सुरुवात झाली आणि आजही जगभरातले लोक मिळून ते घडवतात. त्यात गाण्याचा वेग दुप्पट-निमपट करता येतो, तसाच दोन-तृतीयांशही करता येतो. १५० चे १०० झाले की एका आवर्तनाला दोन ठोके, आणि चारचं लूप म्हणजे बरोब्बर दोन आवर्तनं. पण रेघ समेवरच पडली पाहिजे, चौथ्या मात्रेवर नाही. ते हे सॉफ्टवेअर आपणहून सांगत नाही, कारण त्याला सगळे ठोके सारखेच. तिथे ऐकूनच ठरवावं लागतं. आता गरब्याचं प्रत्येक गाणं मी आधी पूर्ण ऐकते, मोजते, समेवर क्यूची खूण करते आणि मगच यादीत घेते. एका गाण्याला वीस मिनिटं लागतात. शिकायचं काय, याचं माझं उत्तर मुख्यतः या वीस मिनिटांत आहे.

जुन्या सिनेमातल्या गाण्यांचं आणखी वेगळं. ती सगळा वाद्यवृंद एकत्र बसवून ध्वनिमुद्रित व्हायची, ठोक्याचं यंत्र कानाला लावून नाही. म्हणून मुखड्यापेक्षा अंतरा किंचित पुढे धावतो, शेवटी लय चढते. माणसं एकमेकांकडे पाहून वाजवत असताना हे व्हायचंच, आणि तेच त्या गाण्यांचं सौंदर्य आहे. सरळ ग्रिड अशा गाण्यावर पहिल्या मिनिटाला बसतो आणि तिसऱ्या मिनिटाला सुटतो. विश्लेषणाच्या सेटिंगमध्ये 'वेग कायम आहे असं समज' हा पर्याय काढून टाकला तर बरंच काम होतं, पण अशा गाण्यांना मी सिंक लावतच नाही. हात वेगाच्या स्लायडरवर, कान हेडफोनमध्ये.

आमच्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली आणि गायक मौलाबक्षांच्या हाती दिली. तीच पुढे विद्यापीठाची संगीत शाखा झाली. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली आणि वर्गात बसवून लिहून संगीत शिकवलं. सूरसागर तलावाच्या काठानं जाताना मला हे हटकून आठवतं. स्वरलिपी कागदावर असते, ती वाचून गाणाऱ्याला गळा लागतोच. बीटग्रिड ही माझ्या लेखी तशीच एक लिपी आहे. वाचायला शिकावी, चुकली असेल तर दुरुस्त करावी, आणि गाणं मात्र कानानं ठरवावं.

सुरांचंही असंच. सॉफ्टवेअर प्रत्येक गाण्याला त्याच्या पट्टीप्रमाणे ८ए, ९ए असा, घड्याळासारख्या एका चक्रातला, आकडा लावतं. शेजारचे आकडे एकमेकांशी जुळतात असं शिकवतात, पण का, ते बहुतेक जण सांगत नाहीत. ८ए म्हणजे पेटीच्या पांढरी सहा पट्टीचा मायनर (कोमल गंधाराचा पाश्चात्त्य स्वरसमूह) आणि ९ए म्हणजे पांढरी तीनचा. पांढरी सहाला सा धरा, तिचा पंचम पांढरी तीन. शेजारचा आकडा म्हणजे षड्ज-पंचम भाव! ज्यानं तानपुरा लावलाय त्याला हे चक्र पाठ करावं लागत नाही. एक सावधगिरी: त्या चक्रात खाने २४ च, बारा मेजर आणि बारा मायनर. भैरवाच्या अंगाचं गाणं दिलं तरी ते यांतल्याच एका खान्यात टाकणार. तेव्हा आकडा बघा, पण दोन्ही गाणी वीस सेकंद एकत्र ऐकून मगच ठरवा.

वेग बदलताना की-लॉक, म्हणजे सूर जागच्या जागी धरून ठेवणारं बटण, चालू ठेवा. नाहीतर वेग ६ टक्क्यांनी वाढवला की सूर जवळजवळ अर्ध्या स्वरानं चढतो, काळी एकचं गाणं पांढरी दोनला जाऊन बसतं. मात्र फार ताणलं तर की-लॉकमध्ये आवाज चिरकतो, गायिकेचा तर लगेच.

इफेक्ट्सबद्दल मुलं सर्वांत जास्त विचारतात आणि मला सर्वांत कमी सांगायचं असतं. वर्षभर दोनच वापरा, इको (प्रतिध्वनी) आणि फिल्टर (आवाजातला जाड किंवा बारीक भाग गाळणारा). इकोची वेळ ठोक्याला बांधा. १२० च्या गाण्यात एक ठोका म्हणजे अर्धा सेकंद, तेवढ्यानं प्रतिध्वनी आला तर तो तालात विरतो, नाहीतर गोंगाट. ओळीच्या शेवटच्या अक्षरावर इको देऊन गाणं सोडलं की पुढच्या गाण्याला जागा मिळते. देवीच्या नावावर मात्र मी इको लावत नाही, आरतीवर कुठलाच इफेक्ट नाही. हा माझा नियम आहे आणि तो मी कुणासाठी मोडलेला नाही.

इफेक्ट्सपेक्षा तीन साधी बटणं आधी शिका: बेस, मधला, ट्रेबल. दोन गाण्यांचे ढोल एकाच वेळी पूर्ण बेसनं वाजले की नुसती घरघर होते. नव्या गाण्याचा बेस शून्यावर ठेवून ते आत आणा, आणि समेवर जुन्याचा बेस काढून नव्याला द्या. हे नीट जमलं तर ऐकणाऱ्याला गाणं बदलल्याचं पायातून कळतं. आवाजाचा दिवा लालवर जाऊ देऊ नका. आणि रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिवर्धक नाही, हा २००० सालापासूनचा नियम आहे. सणासाठी राज्य सरकार वर्षातल्या मोजक्या दिवशी १२ पर्यंत सवलत देतं. पलीकडच्या इमारतीत कुणाचं तान्हं बाळ झोपलेलं असतं, हे लक्षात ठेवलं की नियम जाचत नाही.

कोणतं मशीन घेऊ, असंही तुम्ही विचारता. आत्ता काहीच घेऊ नका. घरात लॅपटॉप असेल तर हे मोफत सॉफ्टवेअर टाका आणि साधा हेडफोन लावा. बटण दाबल्यावर आवाज किंचित उशिरा येतो असं वाटलं तर सेटिंगमध्ये बफर, म्हणजे वाजवण्याआधी लॅपटॉप साठवून ठेवतो तो आवाजाचा तुकडा, कमी करा. २०४८ नमुन्यांचा बफर म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबानं ४६ मिलिसेकंद, आणि तबल्यावर हात ठेवलेल्या माणसाला ते जाणवतं. ५१२ वर बारा मिलिसेकंदांच्या आत काम होतं. तीन महिने टिकलात तर मग कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपला जोडायचं बटणा-स्लायडरांचं मशीन, बघू. घेताना हेडफोनसाठी वेगळा आवाज काढणारं साउंडकार्ड आत आहे ना, एवढं तपासा. येणारं गाणं लोकांच्या आधी तुम्हाला ऐकू यायला हवं.

आणि सराव असा. एकाच वेगाच्या आसपासची दोन गाणी घ्या, सिंक बंद करा आणि लॅपटॉपच्या पडद्यावर पंचा टाका. मी अजूनही टाकते, तबल्याच्या खोळीबरोबरचा जुना पंचा आहे. रेघा दिसल्या की डोळे मोजतात आणि कान सुटीवर जातात. पंच्याखाली रेघा नाहीत, तेव्हा पायानं ठोका धरावा लागतो, मात्रा मोजाव्या लागतात, समेवर दुसरं गाणं सोडावं लागतं. ते मागे पडतंय की पुढे धावतंय, एवढंच आधी ओळखा. सुरुवातीला अंदाज उलटा निघेल, मागे असेल ते पुढे वाटेल. रोज अर्धा तास केलंत तर साधारण दोन-तीन आठवड्यांत एक दिवस हात आपणहून योग्य बाजूला जाईल. माझा गेला तेव्हा मी गाणं थांबवलं, पंचा उचलून पाहिलं, आणि रेघ रेघेवर होती.

पुढच्या वर्षी तोच गरबा मी पुन्हा लावला, तोच तुकडा, दोन आवर्तनांचं लूप. आरतीचं ताट त्याही वर्षी उशिरा आलं. लूप आठ वेळा फिरलं. आजी आतल्या रिंगणात होत्या, वाकल्या, तिसरी टाळी दिली आणि पुढे सरकल्या.