घड्याळात २१ सेकंद होते

निळ्या ड्रेसमधला मुलगा ज्युदोच्या मॅटवर पाठीवर पडला होता. पांढऱ्याचे दोन्ही पाय त्याच्या छातीवर आणि मानेवर आडवे, आणि त्याचा उजवा हात पांढऱ्याच्या मांड्यांमध्ये सरळ ताणलेला. जुजी-गातामे, म्हणजे हात ताणून कोपराला लावलेलं कुलूप, पुरतं लागलेलं. मी पंच, बाजूला वाकून फक्त कोपराकडे बघत होते. अशा वेळी चेहरा बघून काही कळत नाही. एकदा डाव्या हाताकडे नजर टाकली. ती मूठ त्याने आवळून स्वतःच्या पट्ट्यात खुपसून ठेवली होती. चुकूनही टॅप होऊ नये म्हणून. टॅप म्हणजे हात दोनदा आपटून हार मान्य करणं.

कोपर उलटं जायला लागलं, तेव्हा मी "इप्पोन" म्हणून हात वर केला. म्हणजे पांढऱ्याला पूर्ण गुण, लढत तिथेच संपली. घड्याळात २१ सेकंद उरले होते.

ऑक्टोबरमधल्या एका दुपारची, रत्नागिरीतली ही गोष्ट. शालेय ज्युदो, १९ वर्षांखालच्या मुलांची फायनल. मी शाळेत क्रीडाशिक्षिका आहे आणि वर्षातून काही दिवस पंच म्हणून उभी राहते. हा मुलगा दाभोळ खाडीकाठच्या एका गावातला, बारावीतला. पहिल्याच मिनिटात त्याने सुंदर ओ-सोतो-गारी, म्हणजे पायाने पाय झाडून पाडायचा डाव, मारून वाझा-आरी, म्हणजे इप्पोनच्या खालचा गुण, घेतला होता. घंटा होईपर्यंत कळ काढली असती तर तो जिंकला असता, हे त्याला ठाऊक होतं, मलाही होतं. त्याचे सर मॅटच्या कडेवरून ओरडले, "टॅप कुठे केलाय त्याने?" केला नव्हताच. पण कुलुपाचा परिणाम स्पष्ट दिसत असेल तर टॅपची वाट बघायची नाही, एवढा अधिकार नियम पंचाला देतो. मुलगा उठला, वाकून नमस्कार केला. माझ्याकडे बघितलं नाही.

पुढच्या दहा मिनिटांत कोपर सुजलं. त्याच्या सरांची अजून दोन मुलं खेळायची होती आणि माझ्या लढती संपल्या होत्या, म्हणून मीच त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. एक्स-रेच्या रांगेत आमच्यापुढे बरीच माणसं होती. अर्धा तास तो गप्प बसला, मग म्हणाला, "मॅडम, तुमी का थांबवलंत? ग्रेसीने हात मोडला तरी हार नव्हती मानली."

त्या लढतीचा जुना काळा-पांढरा तुकडा या मुलांनी मोबाइलवर पाहिलेला असतो. २३ ऑक्टोबर १९५१, रिओतलं माराकाना स्टेडियम, ब्राझीलचा एलिओ ग्रेसी विरुद्ध जपानचा ज्युदोपटू मासाहिको किमुरा. मी विचारलं, "टॉवेल कोणी टाकला ते बघितलंस?" त्याने मान हलवली. टॉवेल एलिओच्या भावाने, कार्लोसने टाकला होता. एलिओ शेवटपर्यंत बोलला नाही हे खरंच. पण तो पुढे कित्येक वर्षं त्याच हाताने शिकवू शकला, कारण कडेला उभ्या असलेल्या माणसाने पुरे म्हटलं. किमुराने लावलेल्या त्या कुलुपाला ज्युदोत उदे-गारामी म्हणतात. ब्राझीलवाल्यांनी मात्र त्याला हरवणाऱ्याचंच नाव दिलं, आणि आज जगभर ते 'किमुरा' म्हणूनच शिकवतात.

"किमुरा कोण होता ते माहितीये?" नव्हतं. आमच्या मुलांना रोंडा राउझी माहीत असते ती डब्ल्यूडब्ल्यूईमुळे. तिने २००८ साली बीजिंगला ज्युदोत ऑलिम्पिकचं ब्राँझ घेतलंय, हे दर वर्षी मला नव्याने सांगावं लागतं. किमुराचं तर नावही कुणी ऐकलेलं नसतं, आणि मला त्याचं वाईट वाटतं. म्हणून मी सांगत बसले.

किमुरा १९१७ सालचा, जपानच्या कुमामोतोचा. बाप नदीतून खडी-वाळू काढायचा आणि पोरगा लहानपणापासून त्याच्या हाताखाली. हे ऐकून मुलाने पहिल्यांदा मान वर केली. "माजा बापूस पण वाळूच काढतो. हातपाटीची. सुट्टीत मी पण जातो. होडीतून बुडी मारायची, तळाशी बादली भरायची. एक जण वर बसतो, खालच्यावर नजर ठेवायला."

"तू कधी वर बसतोस?"

"नाय. वर काय काम असतं?"

किमुराही तसाच होता, काम म्हणजे अंगमेहनत असं मानणारा. ओ-सोतो-गारी पक्की व्हावी म्हणून तो झाडाच्या खोडावर पाय मारत बसायचा. दुसरे जेवढा सराव करतात, आपण त्याच्या तिप्पट, असा त्याचा हिशेब. १९३७, ३८ आणि ३९, सलग तीन वर्षं तो अखिल जपान विजेता होता. मग युद्ध आलं. युद्धानंतरच्या जपानमध्ये विजेतेपदावर घर चालत नव्हतं, आणि त्याच्या बायकोला क्षय झाला. औषधाला पैसे हवे होते. म्हणून तो व्यावसायिक कुस्तीत उतरला, जिथे कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं.

या उतरण्याला नावं ठेवणारे भेटतात, तेव्हा मला राग येतो. पोटासाठी मुंबई गाठणाऱ्या चाकरमान्याला कोकणात कुणी नावं ठेवत नाही. घरातलं माणूस आजारी असताना ताकद विकणाऱ्याला का ठेवावीत?

२२ डिसेंबर १९५४ ला टोकियोच्या कुरामाए कोकुगिकानमध्ये त्याची रिकिदोझानशी कुस्ती झाली. हा माजी सुमोपटू, तेव्हाच्या जपानचा लाडका. देशभर टीव्हीवर थेट दाखवलेली लढत. किमुराच्या म्हणण्याप्रमाणे ती बरोबरीत सोडवायची ठरली होती. मध्येच रिकिदोझानने खरेखुरे फटके मारायला सुरुवात केली. किमुरा तयारीतच नव्हता. लढत थांबवली तोवर तो रक्ताळून खाली पडला होता. वर्षानुवर्षं मॅटवर अजिंक्य राहिलेला माणूस लोकांच्या आठवणीत पडलेला राहिला. कोदोकानने, म्हणजे ज्युदोच्या जपानमधल्या मूळ संस्थेने, त्याला काळ्या पट्ट्याच्या सातव्या श्रेणीच्या, सातव्या दानच्या, पुढे कधीच नेलं नाही.

"मग?" मुलाने विचारलं.

मग तो ताकुशोकू विद्यापीठात शिकवायला लागला. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये हेवीवेटचं रौप्य मिळवलेला कॅनडाचा डग रॉजर्स त्याच्या हाताखाली शिकला. त्याचा चेला इवात्सुरी १९७१ साली अखिल जपान विजेता झाला. किमुरा १९९३ साली गेला, पण आपल्या माणसाला जिंकवल्यावर गेला.

तेवढ्यात आमचा नंबर लागला. हाड शाबूत होतं, लिगामेंट ताणलं होतं. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधून तीन आठवडे हलवायचा नाही असं बजावलं. हे ऐकताना मुलाचे डोळे भरले, आणि ते दुखण्याने नव्हते. विभागीय स्पर्धेला जायचं स्वप्न त्याने गावभर सांगून ठेवलं असणार.

अंधार पडल्यावर त्याचे वडील आले. फोन लागला तेव्हा ते खाडीतच होते, तिथून तसेच एसटीने निघालेले. खाऱ्या पाण्याने त्यांच्या बोटांची सालं निघाली होती. मी झालेलं सगळं सांगितलं, माझा निर्णयही सांगितला आणि बोलणी खायच्या तयारीने उभी राहिले. त्यांनी पोराचं कोपर झोळीवरूनच हलकेच चाचपलं.

"बरं केलंत बाई," ते म्हणाले. मग कागद उलटसुलट बघत, "किती दिवस?"

"तीन आठवडे. जड काही उचलायचं नाही."

त्यांनी मनाशी काही हिशेब केला आणि पोराकडे वळले. "परवा भरती सकाळची आहे. तू होडीत वर बस. आम्ही खाली जातो."

मुलगा काही बोलला नाही. एसटी लागली तेव्हा वडिलांनी त्याला खिडकीकडे बसवलं, बांधलेला हात आतल्या बाजूला येईल असं. गाडी सुटताना त्याने मोकळा डावा हात काचेवर दोनदा आपटला.

तो मला निरोप होता की आणखी काही, हे मी अजून त्याला विचारलेलं नाही.