तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्याकडे कूलर का नाही

घरी कोणीही आलं की पहिला प्रश्न हाच, अहो, इंदूरचा मे महिना, 42 डिग्री आणि तुमच्याकडे कूलर नाही? मी दर वेळी "सूट होत नाही हो" म्हणून पाण्याचा ग्लास पुढे करते. परवा भिशीत परत तेच विचारलंत, म्हणून आता एकदाचं लिहूनच टाकते.

आमचा राजेंद्र नगरचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. 3 वर्षांपूर्वी उन्हाळ्यात जिने चढताना दम लागायला लागला, कोरडा खोकला, संध्याकाळी कणकण. वय, वजन, सगळ्यांना दोष देऊन झाला. एका डॉक्टरांनी दमा म्हणून पंप दिला, दुसऱ्यांना टीबीची शंका, पण थुंकीत काही निघेना. मग लेकीकडे पुण्याला 20 दिवस राहिले तर खोकला जवळजवळ गेलाच, मी खुशीत, आणि परत आल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा तेच. मला वाटलं इंदूरची हवा बाधते. हवाच बाधत होती, फक्त आमच्या बेडरूमची.

शेवटी छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. पाठीला स्टेथोस्कोप लावून म्हणाले, खाली चरचर ऐकू येतेय, वेल्क्रोची पट्टी ओढल्यासारखी. आणि मग औषध लिहायचं सोडून घराचीच चौकशी. कबुतरं येतात? पोपट पाळलाय? पिसांची उशी? भिंतीला ओल? कूलर? कूलरची घास, म्हणजे जाळीतलं पाणी धरणारं गवत, कधी बदललीत? इथे मी गप्प.

घरी येऊन यांनी कूलरची जाळी काढली. घास काळी पडून गिच्च झालेली, बोट लावलं तर बुळबुळीत, टाकीच्या तळाला हिरवा गाळ. आणि गंमत म्हणजे कूलर सुरू केल्यावर येणारा तो ओल्या मातीसारखा वास मला आवडायचा, मुद्दाम तोंडावर झोत घेऊन झोपायचे मी.

आजाराचं नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. बुरशीचे, जंतूंचे, पक्ष्यांच्या विष्ठेचे-पिसांचे बारीक कण रोज श्वासातून आत जातात आणि एखाद्याची प्रतिकारशक्ती त्यांच्याशी असं भांडण काढते की सूज फुप्फुसालाच येते. इन्फेक्शन नाही, त्यामुळे माझ्यापासून कोणाला लागत नाही (हो, हेही विचारून झालंय). हे त्याच कूलरपुढे, त्याच पलंगावर झोपायचे, यांना साधी शिंक नाही! आणि मी काही जगावेगळी नाही, 2017 साली भारतातल्या आयएलडीच्या, म्हणजे फुप्फुसाच्या जाळीच्या आजारांच्या, 1084 पेशंटांची रजिस्ट्री छापून आली त्यात 47 टक्क्यांना हाच आजार होता आणि त्यातल्या साधारण निम्म्यांचा कूलरशी संबंध होता.

एका रक्ततपासणीत मात्र हे कळत नाही. एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन काढला, श्वास भरून आणि पूर्ण सोडूनसुद्धा, त्यात फुप्फुस ठिगळं लावल्यासारखं, काही ठिकाणी हवा अडकलेली. पीएफटीत, म्हणजे फुंकून करायच्या फुप्फुसाच्या चाचणीत, क्षमता कमी. मग ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बिणीची नळी घालून फुप्फुसात थोडं पाणी सोडून परत ओढतात, त्यात लिम्फोसाइट्स, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, भरपूर. हे सगळं आणि पुण्याचे ते 20 दिवस जुळवून मग निदान. व्रण पडले नव्हते हे नशीब, ते पडले की मागे फिरत नाहीत.

उपचारात पहिलं काम कूलर बाहेर. मग स्टिरॉइडच्या गोळ्या, डोस हळूहळू उतरवायचा, मनाने बंद करायच्या नाहीत ही तंबी. चेहरा पुरीसारखा फुगला, साखर चढली, भूक अशी की रात्री 2 वाजता शेव-पोहे. पण कूलर चालू ठेवून नुसत्या गोळ्या घेतल्या असत्या तर नळ उघडा ठेवून फरशी पुसण्यासारखंच झालं असतं. आता दर काही महिन्यांनी 6 मिनिटं चालवून ऑक्सिजन बघतात, गॅलरीला कबुतरांची जाळी लावलीय, दुपारी एसी (फिल्टर मी स्वतः धुते, कोणावर सोडत नाही) आणि रात्री खिडकी उघडी, माळव्याच्या गार रात्रींना शब-ए-मालवा काय उगीच म्हणतात?

तुमचा कूलर फेका असं मी म्हणत नाहीये. पण दरवर्षी घास बदला, टाकी रिकामी करून वाळवा आणि खोकला हटत नसेल तर डॉक्टरांना घरात काय काय आहे तेही सांगा.

आमचा कूलर भंगारवाल्याने नेला. त्याने आधी बटण दाबून बघितलं, पंखा भरभर फिरला, तर म्हणतो, "आंटी, चालू तो है, क्यों निकाल रही हो?" त्याला मी म्हटलं, "भैया, हमको सूट नहीं होता."