जर्मनीतलं माझं ओ-पेअरचं वर्ष आणि न जमणारी सुट्टी

आमच्या गावचा बाजार रविवारी. सकाळपासून बाबा ओसरीत वही घेऊन बसतात, आठवडाभर कोणी किती किलो कापूस वेचला त्याचा हिशोब आणि चुकारा, आई एकीकडं स्वयंपाक उरकून पिशव्या घेऊन बाजाराला. सुट्टी म्हणून असा वार आमच्या घरात कधी नव्हताच. हे आधी सांगून ठेवते कारण गावातल्या पोरी आता येऊन विचारतात, ताई तिकडं सगळ्यात जड काय गेलं, आणि त्यांना वाटते मी थंडी म्हणीन नाहीतर भाषा म्हणीन. मला जड गेली सुट्टी.

मी दारव्ह्याकडची, यवतमाळ जिल्हा. बी.ए. झालं, पुढं काय ते कळून नाही राहिलं होतं, आणि ओ-पेअर हा शब्द मी मोबाईलवरच पहिल्यांदा वाचला. म्हणजे तिकडच्या एका कुटुंबात राहायचं, त्यांची लेकरं सांभाळायची, थोडी घरात मदत, आणि भाषा शिकायची. आजीला सांगितलं तर म्हणे, "म्हंजे मोलकरीणच ना वं?" तिला समजावता समजावता मलाच समजलं की नाही, मोलकरीण नाही, नियम ठरलेले आहेत. दिवसाला जास्तीत जास्त ६ तास, आठवड्याला ३०, आठवड्यात दीड दिवस सुट्टी, महिन्याला २८० युरो हातखर्च, राहणं-खाणं त्यांच्याकडं, विमा त्यांनी काढायचा, भाषेच्या क्लाससाठी महिन्याला ७० युरो वेगळे. वय अठराच्या वर आणि अर्ज करताना सत्तावीसच्या आत पाहिजे. मी तेव्हा तेवीसची.

एक एजंट भेटला होता, दीड लाख मागत होता, बाबा म्हणाले एवढ्यात बैलजोडी येते. मग मीच वेबसाइटवर प्रोफाइल टाकलं आणि कुटुंब शोधलं, तीन महिने गेले त्यात. जर्मनची ए-वन, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीची परीक्षा द्यायला रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला गेले, बोलायच्या परीक्षेत आडनाव एकेक अक्षर करून सांगायचं असते आणि घाबरून मी तेच चुकले, तरी शंभरपैकी ६० लागतात तेवढे निघाले. व्हिसासाठी धामणगावहून विदर्भ एक्सप्रेस पकडून मुंबई. कागदं म्हणाल तर पासपोर्ट, सर्टिफिकेट, कुटुंबासोबतचा करार, त्यांचं निमंत्रण आणि तुम्हाला कशाला जायचं आहे त्याचं एक पत्र. पत्र स्वतःच लिहा, गुगलवरचं उचलू नका, कारण तिथं खिडकीतली मॅडम त्याच्यातलंच विचारते. आई अंगणवाडीत मदतनीस आहे, मी लहानपणापासून तिथंच लेकरांत वाढले, ते मी लिहिलं होतं आणि तेच विचारलं. विमानाचं तिकीट आमच्या तुरीच्या पैशातून निघालं.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये, पोळा झाल्यावर निघाले. कुटुंब उल्म शहराजवळच्या एका खेड्यात. खेडं म्हणजे तिथंही चहूकडं मकाच मका, आणि शेणखताचा वास आला तेव्हा पहिल्यांदा जिवाला बरं वाटलं, खोटं नाही सांगत. मोठा पोरगा ६ वर्षांचा, बारकी ३ ची. सकाळी साडेसहाला त्यांचे डबे, डब्यात काय तर ब्रेड, काकडी, गाजर. मग बारकीला बालवाडीत सोडायचं, भांडी मशीनला लावायची, आठवड्यात दोन दिवस माझा क्लास, दुपारी लेकरं परत आली की संध्याकाळपर्यंत त्यांच्यामागं. रात्री जेवणाला परत ब्रेड. गरम जेवण दुपारी असते, रात्री नाही. पहिला आठवडा मी रात्री खोलीत बसून आईनं दिलेला तिळाचा ठेचा नुसता चाटला आहे. बारकी मात्र पंधरा दिवसांत "चाल ना वं" शिकली, उच्चार एकदम वऱ्हाडी, तिची माय म्हणे हे कोणत्या भाषेतलं.

आता सुट्टीचं. पहिल्या रविवारी मी सवयीनं सहाला उठले, खाली आले, रात्रीची भांडी पडली होती ती घासायला घेतली. सगळी झोपलेली. साडेआठला ती बाई उठून आली, गाऊनवरच, माझ्याकडं पाहिलं, काही न बोलता नळ बंद केला, माझ्या हातातला स्पंज काढून घेतला आणि माझे फेसाचे हात टॉवेलनं पुसले, लेकराचे पुसतात तसे. मग म्हणाली, "हॉयटं हास्ट डू फ्राय." आज तुला सुट्टी आहे. मला वाटलं माझं काम आवडलं नाही, खोलीत जाऊन रडले. दुपारी म्हटलं दुकानात जाऊन यावं तर सगळी दुकानं बंद, रविवारी तिथं बंदच राहतात, गल्लीत कुत्रं नाही. आमच्याकडं रविवारी पाय ठेवायला जागा नसते आणि इथं मी एकटी रस्त्यावर. घरी फोन केला तर आजी विचारते "जेवली काय?" आणि मागून बाजाराचा आवाज. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तर घड्याळच एक तास मागं केलं, मग आपल्यात साडेतीनचा साडेचार तासांचा फरक झाला. आजी म्हणे, "घड्याळ बी बदलवतेत काय बाप्पा!"

असे पाच-सहा रविवार मी खोलीत काढले. क्लासमध्ये एक कोलंबियाची पोरगी होती, तीही ओ-पेअर, तिनं मला अक्षरशः ओढून बाहेर काढलं. तेव्हा ४९ युरोत महिनाभराचं तिकीट मिळायचं, सगळ्या जर्मनीतल्या लोकल बस, ट्राम आणि साध्या रेल्वेला चालणारं (आता महाग झालं आहे). २८० मधून ४९ म्हणजे जीव जात होता, पण त्या तिकिटानं माझं वर्ष वाचलं. फक्त ते फास्ट गाडीला चालत नाही. मी माझ्या डोक्यात बसवलं होतं, लाल गाडी म्हणजे आपली एसटी, पांढरी म्हणजे साहेबाची, आणि एक दिवस बोलण्याच्या नादात पांढरीतच चढले. ६० युरो दंड! चूक माझीच, पण आठवडाभर झोप नाही. रंगावर जाऊ नका, काही साध्या गाड्याही पांढऱ्या-पिवळ्या असतात, पाटीवर आरई किंवा आरबी लिहिलं आहे ते पाहा, आयसीई दिसलं की मागं फिरा.

पहिली ट्रिप उल्मचीच. तिथल्या चर्चचा मनोरा साडेएकशेएकसष्ट मीटर उंच, आम्ही गेलो तेव्हा चर्चमध्ये जगात सगळ्यात उंच तोच होता, २०२५ मध्ये बार्सिलोनाचं पुढं गेलं. वरपर्यंत ७६८ पायऱ्या, मी मध्येच बसकण मारली. मला मनोऱ्यापेक्षा तिथली चिमणीची गोष्ट आवडली. चर्च बांधताना लोकांनी मोठं लाकूड गाडीत आडवं घातलं आणि ते काही गावच्या वेशीतून आत जाईना, आता वेस पाडावी लागते असं झालं, तेवढ्यात एक चिमणी काडी चोचीत टोक पुढं करून धरून घरट्यात शिरताना दिसली, मग त्यांना सुचलं. गावात चौकाचौकांत चिमणीचे पुतळे आहेत. आमचा काका पराटीचा (कापसाच्या वाळल्या झाडांचा) भारा घेऊन फाटकात असाच अडकला होता, त्याला फोटो पाठवला, त्यानं अजून उत्तर दिलं नाही.

मग ब्लाउबॉयरनला गेलो, उल्मपासून जवळच, तिथं एक झरा आहे, वीसेक मीटर खोल आणि पाणी असं निळं की कोणी नीळ टाकली वाटते. मी पोरींना आपल्या लोणारचं पाणी २०२० मध्ये गुलाबी झालं होतं ते सांगितलं, कोणाचा विश्वास बसेना, फोटो दाखवावे लागले. उन्हाळ्यात लिंडाऊ, मोठ्या तलावाकाठी, पलीकडं डोंगरावर बर्फ. सोबत डब्यात झुणका आणि पोळ्या, बेसन तुर्की दुकानात मिळते, सांबारही मिळतो (आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात, इडलीवाला नाही). चार देशांच्या पोरी बंदरावर बसून झुणका खात होतो, पाणी माझ्या एकटीच्या डोळ्यांत नव्हतं, मिरची जरा जास्तच झाली होती.

एक गोष्ट मात्र स्पष्टच सांगते. ती बाई स्वभावानं चांगली, पण फेब्रुवारीत तिचं ऑफिसचं काम वाढलं आणि शनिवारी "फक्त एक तास" सुरू झालं. एकाचे तीन व्हायचे. मला नाही म्हणता येईना, आपल्याकडं मोठ्या माणसाला नाही कुठं म्हणतो आपण. पण मी बाबांची लेक, पहिल्या दिवसापासून वही ठेवली होती, तारीख, किती वाजतापासून किती वाजतापर्यंत. एका आठवड्याला ३८ तास भरले. दोन दिवस वाक्य पाठ केलं आणि रात्री टेबलावर वही उघडून ठेवली. तिनं बोट ठेवून एकेक ओळ वाचली, लाल झाली, नवऱ्याला बोलावलं. भांडण नाही झालं. पुढच्या आठवड्यात मला दोन दिवस जास्त सुट्टी दिली आणि त्यानंतर फ्रिजवर माझ्या तासांचा कागद लागला, तो तीच भरायची. बाबांना सांगितलं तर म्हणे, "बरोबर केलं, काट्याले कायची लाज." काटा म्हणजे वजनाचा.

वर्षानं परत आले. पहिल्याच रविवारी सहाला उठून मी चुलीपाशी बसले आणि आईला म्हटलं आज तुला सुट्टी, तू ओसरीत बस, सगळं मी करते. बसली. दहा मिनिटांनी चहा घेऊन बाहेर गेले तर सुपात गहू घेऊन निवडत होती. म्हणे, बसलीच आहो तर.